वाळू, शॉट आणि धानाचं तूस: झिजणाऱ्या जागी कोणतं रबर लावायचं?

शिरोलीची_भट्टी

नमस्कार मंडळी. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमची कास्ट आयर्नची फाउंड्री आहे, मोल्डिंग ग्रीन सँडवर (मातीने बांधलेली ओलसर वाळू). मेंटेनन्स माझ्याकडे. रबराच्या तीन जागांनी पिच्छा पुरवलाय. पहिली, बकेट एलेव्हेटरमधून वाळू ज्या चूटमध्ये पडते त्याचं लायनर. दुसरी, शॉट ब्लास्टिंग मशीनचा (ते लोखंडी छर्रे मारून कास्टिंग साफ करतं) टंबलिंग बेल्ट, म्हणजे कास्टिंग उलटंपालटं करणारा पट्टा, आणि दाराच्या आतला पडदा. तिसरी, कन्व्हेअरच्या दोन्ही कडांना माल सांडू नये म्हणून लावलेल्या स्कर्ट पट्ट्या.

एक पुरवठादार म्हणतो, "८० शोअरचं (शोअर म्हणजे कडकपणाचं माप) हार्ड रबर देतो, झिजणारच नाही." दुसरा म्हणतो, रबराचा नाद सोडा आणि सगळीकडे पीयू (पॉलियुरेथेन) घाला. त्याचा दर ऐकून मालकांनी कोटेशन परत पाठवलं. दोघांकडेही "असंच करतात" यापलीकडे कारण नाही. रबराच्या धंद्यातले कुणी इथे असतील तर नीट समजावून सांगा.

अंबडचा_मोल्डर

दादा, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: हार्ड म्हणजे टिकाऊ, हे रबराला लागू पडत नाही. लोखंडाच्या सवयीने आपण तसं धरून चालतो. लोखंड घाव कडकपणाने परतवतं. रबर दबतं, कणाची ताकद पोटात घेतं आणि कणाला परत उडवून लावतं. कण टेकल्यावर रबराला दबायला जागाच मिळाली नाही तर तो पृष्ठभाग ओरबाडणार.

तुम्ही विचारताय कोणतं रबर, पण त्याआधी सांगा की झीज कशी होते. वाळूचा दाणा किती मोठा? चूटच्या पत्र्यावर सरळ आपटतो की तिरका घासत जातो? किती उंचीवरून? वाळू गरम असते का? तेल, ग्रीस, पाणी यांचा संबंध येतो का? काढलेलं जुनं लायनर असेल तर उन्हात धरून बघा, कुठे आणि कशा खुणा आहेत. फोटो टाकलात तर उत्तमच.

शिरोलीची_भट्टी

वाळू ५५ एएफएसची (वाळूच्या बारीकपणाचा आकडा), म्हणजे दाणा साधारण पाव मिलिमीटर. पण परतीच्या वाळूत मुठीएवढी ढेकळं येतात, आणि मॅग्नेटिक सेपरेटरमधून निसटलेले लोखंडाचे तुकडेही. शेकआऊटनंतर, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढल्यावर, लगेच आलेली वाळू हातात धरवत नाही इतकी गरम असते. तेल नाही.

जुनं लायनर बघितलं. वरच्या भागात, जिथे वाळू पडते, तिथे रबर जवळजवळ शाबूत आहे, फक्त दोन-तीन ठिकाणी आरपार चिरलंय. खालच्या तिरक्या भागात मात्र आडव्या लाटांसारख्या रेघा उठल्यात आणि रबर पातळ होत होत पत्रा दिसायला लागलाय. कडेला एक मोठा पोपडा सुटलाय, त्याच्यामागे वाळू भरली होती.

अंबडचा_मोल्डर

या वर्णनातच अर्ध्याहून जास्त उत्तर आलं. तुमच्या एकाच चूटमध्ये तीन वेगवेगळे आजार आहेत.

वरचा भाग: दाणा जवळजवळ काटकोनात आपटतो. ही रबराची सगळ्यात आवडती जागा. ४० ते ५० शोअरचं नैसर्गिक रबर इथे स्टीलपेक्षा किती तरी जास्त टिकतं. तिथे जे चिरलंय ते झिजेमुळे नाही, लोखंडाच्या धारदार तुकड्यामुळे. अशा ठिकाणी जाडी महत्त्वाची. मोठा तुकडा पडल्यावर रबर दबून पार पत्र्याला टेकलं, की वरून तुकडा आणि खालून पत्रा अशा कात्रीत ते सापडतं. ८-१० मिमीच्या जागी २०-२५ मिमी घाला, चिरणं कमी होईल. मॅग्नेटिक सेपरेटर नीट चालतोय का तेही बघा, कारण चिरण्याचं मूळ तिथे आहे.

खालचा भाग: दाणा तिरका, साधारण १५ ते ३० अंशांत घासत जातो. रबराला हाच कोन सर्वांत वाईट. दाणा रबराला पुढे ओढतो, पृष्ठभागावर बारीक घड्या उठतात आणि घडीचा माथा तुटून जातो. तुम्ही म्हणता त्या आडव्या लाटा म्हणजे हेच, त्यांना आम्ही झिजेचा नमुना म्हणतो. इथे मऊ रबर चुकीचं. ६० ते ७० शोअरचं, बारीक कार्बन (काजळी) घातलेलं रबर, नाहीतर पीयू, नाहीतर रबरात बसवलेल्या अ‍ॅल्युमिना सिरॅमिकच्या टाइल. अजून सोपं म्हणजे चूटचा कोन बदलता येतो का किंवा मध्ये एक पायरी टाकता येते का ते बघा. पायरीवर वाळू साठते, पुढची वाळू त्या वाळूवरच घासते आणि लायनरला हातच लागत नाही. अनेक क्रशर प्लांटमध्ये अशा दगड साठणाऱ्या पेट्या असतात, त्यावर रबराचा एक पैसा खर्च होत नाही.

आणि पोपडा म्हणजे रबराचा दोष नाहीच, तो चिकटवण्याचा. त्यावर वेगळं लिहितो.

भोसरी_पीयू

मी पीयूच्या बाजूने बोलतो, कारण इथे ते फक्त महाग म्हणून बाजूला पडू नये. तिरक्या घसरणीत, कोरड्या बारीक वाळूत, आणि धारदार तुकड्यांनी कापलं जाण्याच्या बाबतीत ८५-९० शोअरचं चांगलं पीयू साध्या रबराला सहज मागे टाकतं. कापण्याला आणि फाटण्याला त्याचा विरोधच मोठा. स्क्रीनच्या जाळ्या, सायक्लोनचे खालचे तोंड, स्क्रेपरची पाती इथे पीयू उगाच आलेलं नाही.

पण दादांनी वाळू गरम असते असं लिहिलंय, म्हणून प्रामाणिकपणे सांगतो: सतत ८० अंशांच्या वर गेलात तर नेहमीचं पीयू घेऊ नका. गरम आणि ओलं असं दोन्ही असेल तर त्याहूनही खाली थांबा. पॉलिएस्टर प्रकारचं पीयू गरम पाण्याने आतून तुटत जातं. आधी चिकट होतं, मग नखाने उकरलं तरी निघतं. पाण्याचा संबंध असेल तर पॉलिईथर प्रकारच मागा आणि चलनावर तसं लिहून घ्या. रंगावरून यातला फरक कळत नाही, दोन्ही पिवळसरच दिसतात.

डिचोलीकर

मी गोव्यातल्या लोहखनिजाच्या धुलाई प्लांटवर बरीच वर्षं काढली. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा बाहेर पडलो, पण स्लरी (पाण्यात मिसळलेलं बारीक खनिज) ओढणाऱ्या पंपांशी संबंध आजही आहे. कोरड्या वाळूचं वर आलंच आहे, मी ओल्याचं सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांचं गणित चुकतं.

पाण्यातल्या बारीक कणांसाठी ३८-४२ शोअरचं, जवळजवळ गम म्हणावं असं नैसर्गिक रबर याला तोड नाही. पाणी वंगणाचं काम करतं, दाणा रुतण्याऐवजी उडून जातो. पंपाच्या केसिंगच्या आत असं लायनर घातलं आणि दाणा ५-६ मिमीच्या आत असला, तर हाय क्रोम लोखंडापेक्षाही ते जास्त चालतं. पण त्याचे शत्रू ठरलेले आहेत. एक म्हणजे मोठा धारदार दगड. दुसरा म्हणजे वेग: रबरी इम्पेलरच्या (पंपातल्या फिरत्या चाकाच्या) टोकाचा वेग सेकंदाला २५ मीटरच्या आसपास गेला की रबर तापायला आणि फाटायला लागतं, तिथे धातूच हवा. तिसरा शत्रू तेल.

तेलाबद्दल खास लिहितो. गळणाऱ्या गिअरबॉक्सचं तेल संपमध्ये (खालच्या टाकीत) जातं, तिथून पंपात. रबर तेल पितं, फुगतं, इम्पेलरला घासायला लागतं. मग लोक म्हणतात रबर खराब निघालं. पंप उघडल्यावर लायनर बोटाने दाबून बघा. स्पंजासारखं लिबलिबीत लागलं आणि बोटाला वास आला, तर कंपाऊंड (रबराचं मिश्रण) बदलण्याआधी गळती शोधा. गळती थांबणारच नसेल तर नायट्राइल हे कृत्रिम रबर. त्याची घर्षणाला टिकण्याची ताकद नैसर्गिक रबराएवढी नाही, पण तेलात ते उभं तरी राहतं. कार्बोक्सिल घातलेलं नायट्राइल मिळालं तर घर्षणातही चांगलं.

रबर_लॅब_पुणे

वाचून फार बरं वाटलं, बहुतेक चौकशा थेट "सर्वांत कमी डीआयएनवालं द्या" अशाच येतात. त्या आकड्याबद्दल लिहिते.

कोटेशनमध्ये "डीआयएन अ‍ॅब्रेजन १२० घनमिमी" असं लिहिलेलं असतं. ही चाचणी आयएसओ ४६४९ प्रमाणे होते. १६ मिमी व्यासाची रबराची गोल चकती १० न्यूटन जोराने एका फिरत्या पिंपावर टेकवतात. पिंपावर ६० नंबरचा एमरी कापड ताणलेला असतो. चकती पिंपावर ४० मीटर अंतर घासली जाते, मग वजनातली घट मोजून घनतेने भागतात आणि किती घनमिलिमीटर रबर गेलं ते काढतात. आकडा जितका लहान, तितकं चांगलं.

आता बघा, ही चाचणी कोरडी आहे, घासणारी वस्तू जागेला चिकटवलेली आहे, आणि सगळा मारा तिरक्या घासण्याचा आहे. त्यामुळे शिरोलीच्या दादांच्या खालच्या तिरक्या भागासाठी हा आकडा बऱ्यापैकी उपयोगी. डिचोलीकरांच्या पंपासाठी तो फसवतो: ४० शोअरचं मऊ गम रबर या पिंपावर मागे पडेल आणि पंपात मात्र पहिलं येईल. एकाच जातीच्या, एकाच कामाच्या दोन कंपाऊंडची तुलना करायला डीआयएन वापरा. रबर आणि पीयू यांच्यात निकाल लावायला वापरू नका.

कन्व्हेअर बेल्ट घेताना हे आकडे अधिक कामाचे, कारण तिथे वर्गच ठरलेले आहेत. जर्मन डीआयएन २२१०२ मध्ये वाय वर्गाला झीज १५०, एक्सला १२० आणि डब्ल्यूला ९० घनमिमीपर्यंत चालते. आपल्या आयएस १८९१ मधल्या एम-२४ ग्रेडला ताणशक्ती किमान २४ मेगापास्कल लागते. इथे एक गंमत लक्षात घ्या: डब्ल्यूमध्ये झीज सर्वांत कमी, पण ताणशक्ती १८ मेगापास्कलची, आणि एक्समध्ये झीज थोडी जास्त पण ताणशक्ती २५. बारीक वाळूला डब्ल्यू चांगला, धारदार मोठ्या दगडाला एक्स. एका आकड्याच्या मागे धावलात तर दुसरीकडे कमी पडता.

शिरोलीची_भट्टी

ताई, हे कुणी कधी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं. आमच्या शेकआऊटखालच्या बेल्टचं काय? गरम वाळूने वरचं कव्हर कडक होऊन तडकतं.

रबर_लॅब_पुणे

तिथे घर्षण दुसऱ्या नंबरावर, उष्णता पहिल्या. आयएसओ ४१९५ मध्ये उष्णतारोधक बेल्टचे वर्ग आहेत: १००, १२५ आणि १५० अंश. वरच्या वर्गाला सहसा ईपीडीएम, म्हणजे उष्णता सोसणारं कृत्रिम रबर, लागतं. त्याची झीज साध्या बेल्टपेक्षा जास्त असते, पण तडकलेलं रबर तर तुकड्यांनीच पडतं, म्हणून तोच सौदा परवडतो. आधी इन्फ्रारेड थर्मामीटरने वाळू नव्हे, रिकाम्या परतीच्या बाजूचा बेल्ट मोजा. बेल्टचं स्वतःचं तापमान किती चढतं यावर वर्ग ठरवा.

गोंदियाची_गिरण

आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे राईस मिलवाल्यांचा रोजचा विषय आहे हा, म्हणून लिहितो. आमच्याकडे धानाचं तूस काढायला रबर रोल शेलर असतात. दोन रोल समोरासमोर, मधली फट दाण्याच्या जाडीपेक्षा कमी. एक रोल जोरात फिरतो, दुसरा हळू. दाणा मध्ये आला की दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने ओढला जातो आणि तूस सुटतं. म्हणजे घर्षण हेच आमचं काम. रबर झिजणारच, किती पोतं धान काढून झिजतं एवढाच प्रश्न.

तूस दिसायला हलकं, पण त्याच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा राख असते आणि त्या राखेत जवळजवळ सगळी सिलिका. म्हणजे आम्हीही वाळूच घासतो. रोल ८५-९० शोअरचे असतात, इथे कडकपणा लागतोच, कारण मऊ रबर दाण्यावरून सरकतं, तूस निघत नाही आणि तांदूळ तुटतो. अंबडच्या दादांचं म्हणणं खोटं नाही, पण आमचं काम वेगळं, इथे दाणा उडवायचा नाही, पकडून ओढायचाय.

दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. जोरात फिरणारा रोल आधी झिजतो. ठरावीक झीज झाली की दोन रोलांची अदलाबदल करा, जोडी सारखी चालते. दुसरं, नवीन रोल आणून लगेच लावू नका, तो थोडा मुरू द्या. आणि ठेवताना उन्हात, मोटारीजवळ, वेल्डिंगच्या खोलीत ठेवू नका. ठिणगीने आणि मोटारीने ओझोन तयार होतो, रबराला बारीक तडे जातात. गोदामात चुकीच्या जागी ठेवलेला रोल मशीनवर लागायच्या आधीच अर्धा गेलेला असतो.

अंबडचा_मोल्डर

गोंदियाच्या दादांनी फार मोलाचं लिहिलं. रबराने दाणा उडवायचा आहे की पकडायचा आहे, हा प्रश्न मी माझ्या यादीत घालतोय.

आता शॉट ब्लास्टिंग. मशीनचं चाक शॉट सेकंदाला ७० मीटरच्या घरात फेकतं. थेट माऱ्याखाली मँगनीज स्टीलच हवं, तिथे रबर लावायचा विचारही करू नका. पण पडद्यावर येतो तो उसळून आलेला शॉट, ताकद गमावलेला. तिथे मऊ नैसर्गिक रबराच्या जाड पट्ट्या, एकावर एक चढवून लटकवलेल्या. ताणून बोल्ट मारू नका. लटकलेली पट्टी मागे सरकते आणि मार पोटात घेते, ताणलेली पट्टी तोच मार अंगावर घेते आणि बोल्टच्या भोकापासून फाटते.

टंबलिंग बेल्टवर कास्टिंगचं वजन, धारदार फ्लॅश (कडेला उरलेली धातूची पातळ धार) आणि शॉट तिन्ही येतात. इथे फाटण्याला विरोध सर्वांत महत्त्वाचा, म्हणून नैसर्गिक रबर, ६० शोअरच्या आसपास, एन २२० या ग्रेडसारखा बारीक कार्बन घातलेलं. थोडं पॉलिब्युटाडाईन (कृत्रिम रबर) मिसळलं तर घर्षण आणखी सुधारतं. पण एक कडक नियम करा: गरम कास्टिंग मशीनमध्ये टाकायचं नाही. नैसर्गिक रबर तापलं की आतली गंधकाची जोडणी तुटायला लागते, ते मऊ आणि चिकट होतं, मग कोणतंही कंपाऊंड वाचवू शकत नाही. शिफ्टचं टार्गेट पूर्ण करायच्या घाईत हे सर्वत्र होतं. तुमच्या बेल्टवर चकाकणारे, बोटाला चिकटणारे डाग असतील तर समजून जा.

स्कर्टच्या पट्ट्या कशाच्या आहेत?

शिरोलीची_भट्टी

जुन्या कन्व्हेअर बेल्टच्या कापून लावतो. फुकटच पडतो ना तो.

अंबडचा_मोल्डर

ते आधी थांबवा. जुन्या बेल्टमध्ये कापडाचे थर असतात. वाळूचे दाणे त्या धाग्यांत अडकून बसतात आणि तीच पट्टी तुमच्या चालत्या बेल्टवर सॅंडपेपर लावून धरल्यासारखी घासत राहते. बेल्टच्या दोन्ही कडांना लांबच लांब दोन चर पडले असतील. बघा आणि सांगा.

शिरोलीची_भट्टी

आत्ताच खाली जाऊन आलो. आहेत. डाव्या बाजूचा चर तर कॅनव्हासपर्यंत गेलाय.

डिचोलीकर

आम्हीही प्लांटवर हेच बघितलंय. फुकटच्या पट्टीने लाखाचा बेल्ट जातो. कापडाशिवायचं साधं रबर घ्या, बेल्टच्या कव्हरपेक्षा मऊ, ४५-५५ शोअर. पट्टी झिजली पाहिजे, बेल्ट नाही. आणि पट्टी बेल्टवर दाबून बसवू नका, जेमतेम टेकली पाहिजे. बेल्ट ज्या दिशेने धावतो त्या दिशेने फट थोडी वाढत गेली, की अडकलेला दाणा आपोआप बाहेर पडतो.

अंबडचा_मोल्डर

आता पोपड्याचं. लायनर सुटण्याची सुरुवात बहुतेक वेळा प्रवाहाकडे तोंड असलेल्या कडेपासून होते. दाणा कडेखाली शिरतो आणि पाचरीसारखा पुढे सरकतो. ती कड उघडी ठेवायची नाही, वरून पत्र्याची पट्टी मारा नाहीतर वरच्या लायनरखाली घाला. चिकटवण्याआधी पत्रा ग्रिट ब्लास्ट करून पांढरट, खरखरीत झाला पाहिजे. नुसता ग्राइंडर फिरवून भागत नाही. ब्लास्ट केल्यावर त्याच दिवशी प्रायमर, हात लावायचा नाही, कारण तळव्याचं तेलही पुरतं. आमच्याकडे प्रेसमध्ये पत्र्यासकट व्हल्कनाइज करून (उष्णतेने आणि दाबाने पक्कं करून) दिलेलं लायनर हे जागेवर चिकटवलेल्यापेक्षा केव्हाही पक्कं.

तपासायचं कसं? नमुन्याची कड उचलून पक्कडीने ओढा. रबर फाटून पत्र्यावर रबराचाच थर राहिला तर जोड चांगला. पत्रा स्वच्छ उघडा पडला तर परत पाठवा. आणि रबर लावलेल्या चूटला बाहेरून वेल्डिंग कधीच करू नका. बाहेरून काही दिसत नाही, पण आत जोड जळलेला असतो.

शिरोलीची_भट्टी

पुरवठादाराने कार्बन घातलाय की माती, हे मला इथे बसून कसं कळणार? मागच्या लॉटची शीट काळीभोर, चकचकीत होती, शोअर बरोबर आला आणि तरीही काही आठवड्यांत गेली.

रबर_लॅब_पुणे

शोअर बरोबर यायला फार काही लागत नाही, चायना क्ले आणि कॅल्शियम कार्बोनेट घालूनही तो आणता येतो. काळा रंगही थोड्याशा कार्बनने येतो. रिक्लेम (जुन्या रबरातून परत काढलेलं) रबर घातलं तरी वरून ओळखू येत नाही. घनता मात्र बरंच बोलते.

एक तुकडा कापा. सोनाराकडे असतो तसला अचूक काटा लागेल. तुकडा हवेत तोला. मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता तोला. हवेतलं वजन भागिले दोन वजनांमधला फरक, ही झाली घनता. बुडबुडे चिकटले असतील तर बोटाने पुसून काढा, नाहीतर आकडा कमी येईल. नैसर्गिक रबर स्वतः ०.९३ च्या आसपास. ४० शोअरचं चांगलं लायनर १ च्या जवळ येतं, ६० शोअरचं कार्बन घातलेलं १.१ ते १.१५. तुमच्या शीटचा आकडा १.३ च्या पुढे गेला तर त्यात माती भरलेली आहे असं धरा. फक्त लक्षात ठेवा, हे नैसर्गिक रबर आणि एसबीआर या कृत्रिम रबरासाठी. निओप्रीन हे दुसरं कृत्रिम रबर मुळातच १.२३ चं असतं, त्याला हा नियम लावू नका.

शोअर घेतानाही तुकडा किमान ६ मिमी जाड हवा, नाहीतर सुई खालच्या टेबलाचा कडकपणा सांगते.

शिरोलीची_भट्टी

आज संध्याकाळी तोललं. जुन्या चांगल्या लायनरचा तुकडा १.०८, मागच्या लॉटची शीट १.४१. पुरवठादाराचं नाव इथे घेत नाही, पण मालकांना दोन्ही तुकडे टेबलावर ठेवून दाखवले.

आता असा विचार आहे: वरच्या भागाला ४५ शोअर नैसर्गिक, २५ मिमी, पत्र्यासकट व्हल्कनाइज. खाली पायरी करून बघतो, नाहीच जमली तर सिरॅमिक टाइल. स्कर्टला ५० शोअर, कापडाशिवाय. टंबलिंग बेल्टसाठी ताणशक्ती, फाटण्याचा आकडा आणि घनता तिन्ही पर्चेस ऑर्डरवर लिहून. अजून काही राहिलं का?

रबर_लॅब_पुणे

प्रत्येक लॉटसोबत त्याच मिक्सिंगचा, त्याच वेळी क्युअर (व्हल्कनाइज) केलेला हातभर तुकडा वेगळा मागा आणि लेबल लावून अंधाऱ्या कपाटात ठेवा. लायनर लवकर गेलं तर तोच तुकडा तपासायला पाठवता येतो. वापरलेल्या, तापलेल्या, वाळू रुतलेल्या रबरावरून मूळ कंपाऊंड कसं होतं हे सांगणं फार अवघड जातं.

अंबडचा_मोल्डर

आणि चूटची तारीख, त्यातून किती टन वाळू गेली, हे फळ्यावर लिहायला लावा. दर किलोला किती पडलं यावरून लायनर स्वस्त की महाग ठरत नाही, दर टनाला किती पडलं त्यावरून ठरतं. पायरी बसवली की फोटो टाका, कोन आणि उंची बघून सांगतो.